चाकाला रंग, नटाला नको

हाताशी काम असेल तर ते चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय आता, बायकांच्या कार्यक्रमात गाडीची चाकं? आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हाही एक काकू असंच म्हणाल्या होत्या. पण आता बऱ्याच गटांकडे मालाची ने-आण करायला स्वतःची गाडी आली आहे. गटाची नसली तरी कुणाच्या घरी मुलाची, कुणाच्या घरी दिराची जुनी चारचाकी दारात उभी असते. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाकार्याला आपण त्यातूनच जातो. मग ती ज्यावर चालते ते चाक आपल्याला ठाऊक असायला काय हरकत आहे?

आमच्या गटाकडे एक जुनी व्हॅन आहे. घेतली तेव्हाच तिच्या चाकांच्या लोखंडी डिस्क खरचटलेल्या होत्या. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे व्हायचंच. मोरीचा कठडा आहे, वेशीतला दगड आहे, अरुंद बोळात समोरून ट्रॅक्टर आला की चाक बांधाला घासूनच काढावं लागतं. रंग उडाला, गंज धरला, गाडी बघायला अगदी दरिद्री दिसायची. दिवाळीच्या मालाची ऑर्डर होती, तेव्हा ठरलं की चाकं रंगवून घेऊ. तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. दोन दिवसांनी चाकं अशी चकचकीत होऊन आली की आम्ही गाडीसोबत फोटोही काढले.

पुढच्याच आठवड्यात बाजारातून परत येताना घाटात पुढच्या चाकातून कट् कट् आवाज यायला लागला आणि स्टिअरिंग थरथरू लागलं. गाडीत चौघी जणी होत्या, मागं मसाल्याची रिकामी पिंपं होती. ज्या वहिनी गाडी चालवतात त्यांनी शहाणपणा केला. "घर जवळ आलंय, चला हळूहळू," असं न म्हणता त्यांनी जागेवर गाडी कडेला घेतली. उतरून बघतात तर पुढच्या डाव्या चाकाच्या चार नटांपैकी दोन नट बोटांनी फिरत होते. आणखी दोन वळणं गेली असती तर काय झालं असतं, ते आम्ही अजून एकमेकींना मोठ्यानं बोलून दाखवलेलं नाही.

पाना घेऊन आलेल्या पंक्चरवाल्या दादांनी नट काढून आम्हाला चाक दाखवलं. डिस्कला जिथं नट टेकतो ना, त्या भोकाची कड वाटीसारखी उतरती असते. नटाची कड तिच्यात घट्ट बसते. गॅरेजवाल्यांनी त्या वाटीतसुद्धा जाड रंग मारला होता, आणि चाक मागच्या बाजूनं गाडीला टेकतं तिथंही. म्हणजे नट आवळला तो लोखंडावर आवळलाच गेला नव्हता, रंगाच्या साईवर आवळला गेला होता. गाडी चालली, ब्रेकच्या उष्णतेनं चाक तापलं, खड्ड्यात आदळलं, तसा तो रंग चिरडून निघून गेला. रंग गेला तेवढी फट पडली आणि नट सैल झाला. डब्याच्या झाकणाखाली कागद अडकला की झाकण घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि डबा उचलला की निसटतं, तसंच हे.

गॅरेजमध्ये विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "ताई, रंग तर चांगला दिलाय की." रंग खरंच चांगला होता. त्या दिवशी आम्ही ठरवलं की हे काम समजून घ्यायचं. नंतर आमच्या गाडीची चाकं आम्ही स्वतः खरडून पुन्हा रंगवली, आणि आमच्यातल्या एका ताईंच्या मुलाची गाडीही. त्यात जे कळलं ते आज सांगतो.

आधी चाक कशाचं आहे ते ओळखायचं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक घ्या आणि चाकाच्या धातूला लावा. चिकटलं तर लोखंडी डिस्क, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चाक, ज्याला आपल्याकडे मेकॅनिक मॅगव्हील म्हणतात. पूर्वी शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं असायची, त्यावरून ते नाव पडलं. आता त्यात मॅग्नेशियम जवळपास नसतं, नाव तेवढं राहिलं. ही ओळख महत्त्वाची, कारण दोन्हीचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. जाता जाता एक सांगतो. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा हे चुंबक पिशवीत असू द्या. लोखंडी डिस्कच्या कडेला ते एका जागी धरतं आणि शेजारी धरत नाही, असं झालं तर तिथं रंगाखाली जाड पुट्टी भरलेली आहे असं समजा आणि का भरली ते विचारा.

आता दुसरी गोष्ट, आणि हीच खरी महत्त्वाची. कुठलं नुकसान घरी दुरुस्त करायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही? रंग खरचटला आहे, वरवर गंज आहे, बाहेरच्या कडेला घासल्याचे ओरखडे आहेत, एवढं आपलं काम. चाकाला चीर गेली असेल, कड वाकली असेल, टायरची हवा पंक्चर नसताना वरचेवर उतरत असेल, ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, किंवा गंजानं पत्रा खाऊन खपल्या पडत असतील, तर ते रंगाचं काम नाही. ते चाक बदलायचं. चीर वेल्डिंगनं भरून देतो, वाकलेलं तापवून सरळ करून देतो असं सांगणारे भेटतात. मॅगव्हीलला कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन बळकटी आणलेली असते. बत्तीनं तापवलं की तेवढ्या जागेची ती बळकटी जाते. दिसायला सरळ, आतून मऊ. अशा चाकावर आपली माणसं बसवायची नाहीत, एवढं आम्ही गटात ठरवून टाकलं आहे.

चीर डोळ्याला दिसतेच असं नाही. त्यासाठी एक जुनी, साधी युक्ती आहे. शंका असलेली जागा घासून धातू उघडा करा, धुऊन कोरडी करा. तिथं ब्रशनं रॉकेल लावा आणि पंधरा मिनिटं तसंच ठेवा. मग फडक्यानं अगदी कोरडं पुसा. आता शाळेतला पांढरा खडू कुटून त्याची पूड पातळ भुरभुरा आणि थांबा. चीर असेल तर तिच्या पोटात शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर बारीक ओली रेघ उमटते. चीर नसेल तर खडू पांढराच राहतो. यंत्रसामग्री आली नव्हती तेव्हा रेल्वेच्या कारखान्यांतही तेल आणि खडूनं अशाच चिरा शोधत असत. लोखंडी डिस्कमध्ये चीर बहुतेक नटांच्या भोकांभोवती, हवेच्या फटींच्या कडेला नाहीतर आतल्या बाजूला वेल्डिंगच्या जोडाजवळ सापडते, म्हणून चाकाची मागची बाजूही बघायची. आमच्या चार चाकांपैकी एकाला, आणि तेही घाटात सैल झालेल्यालाच, भोकाजवळ करंगळीच्या नखाएवढी रेघ उमटली. ते चाक भंगारात गेलं. त्याच्यावर गॅरेजचा नवा रंग होता तो होताच.

आता कामाकडे येऊ. एका वेळी एकच चाक काढायचं आणि त्याच्या जागी स्टेपनी लावायची, म्हणजे गाडी जॅकवर टांगून ठेवावी लागत नाही. जमीन सपाट आणि टणक हवी, सारवलेलं अंगण नको, जॅक रुततो. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, समोरच्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. नट आधी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे आणि मग गाडी उचलायची. उचललेल्या गाडीखाली हातपाय घालायचे नाहीत आणि पोरांना अंगणाबाहेर ठेवायचं. हे जमत नसेल तर पंक्चरवाल्याकडून चाक काढून आणा, त्यात कमीपणा काही नाही. आमच्यातल्या दोघी तसंच करतात.

चाक काढलं की धुवायचं. ब्रेक घासून पडलेली काळी पूड आणि डांबर चिकटलेलं असतं. कपड्याच्या साबणाचं पाणी आणि जुना दातांचा ब्रश पुरतो. पितळेची भांडी घासायला आपण चिंच, राख घेतो, ती इथं नको. संडास साफ करायचं अॅसिड तर मुळीच नको, आणि धुण्याचा सोडाही मॅगव्हीलवर घालू नका. अॅल्युमिनियम आम्लानंही खातं आणि सोड्यानंही. डांबराचे ठिपके रॉकेलच्या फडक्यानं निघतात, पण नंतर साबणानं धुऊन थिनरच्या फडक्यानं पुसायलाच हवं. तेलाचा अंश राहिला की रंग तिथं धरत नाही, बारीक बारीक डोळे पडतात.

मग घासणं. इथं घाई करणाऱ्यांचं काम दोन महिन्यांत उघडं पडतं. गंज हा नुसता डाग नसतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट जागा घेतो, म्हणून तो वरचा रंग आतून फुगवून उचलतो. गंजावर रंग मारला तर गंज आत वाढतच राहतो आणि नवा रंग पापडासारखा उठतो. तेव्हा तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढा, मग ८० किंवा १२० नंबरच्या पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. पेपरचा नंबर जेवढा मोठा, तेवढा तो बारीक. १२० नंतर २२०, मग ४००, असं चढत जायचं. एकदम १२० वरून रंगाला गेलं तर रंगाखाली सगळे ओरखडे दिसतात. उडालेल्या रंगाची कड बोटाला लागू नये इतकी उतरती करायची. डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला कळते, भाकरीचा काठ कळतो तशी. जुना रंग आणि प्रायमर पेपर पाण्यात भिजवून घासले की धूळ उडत नाही. उघडं लोखंड मात्र कोरडंच घासा, पाणी लागलं की तासाभरात त्यावर तांबूस झाक येते. कोरडं घासताना नाकाला नीट बसणारा मास्क लावा, पदर पुरत नाही.

मॅगव्हीलच्या कडेला खोल ओरखडा असेल तर दोन डब्यांत मिळणारी पुट्टी भरता येते. पेंटर तिला लांबीच म्हणतात. लिंबाएवढ्या लांबीला हरभऱ्याएवढं हार्डनर, याहून जास्त नाही. कालवली की दहा मिनिटांत दगड होते, म्हणून थोडी थोडी घ्या. ही भर बाहेरच्या कडेच्या शोभेपुरती, एखाद मिलिमीटर खोल ओरखड्यापुरती. टायर जिथं आतून रिमला बसतं तिथं, नटाच्या भोकांजवळ किंवा चिरेवर लांबी लावायची नाही. पुट्टीला ताकद नसते.

रंगाआधी झाकाझाक करायची. टायर आणि रिमच्या कडेमध्ये सरकवायला आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिका कामी आल्या. जाड पुठ्ठ्याच्या पत्रिकांचे हातभर लांब नको, बोटभर रुंद तुकडे कापायचे आणि चाकाभोवती एकावर एक थोडे चढवून खोचायचे, फुलाच्या पाकळ्यांसारखे. चिकटपट्टीनं टायर झाकत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. हवा भरायच्या नळीला पट्टी गुंडाळा. चाकाच्या कडेला शिशासारखे छोटे तुकडे चिकटवलेले असतात, ते चाकाचा तोल साधायला असतात, ते काढू नका.

आणि आता ज्यासाठी हे सगळं सांगतो आहोत ते. नटांच्या भोकांमध्ये वहीच्या कागदाचे शंकू करून घट्ट बसवा, म्हणजे त्या उतरत्या वाटीत रंगाचा थेंब जाणार नाही. चाकाची मागची, गाडीला टेकणारी गोल जागा कागद आणि पट्टीनं पूर्ण झाका. आधीच्या कुणी तिथं रंग मारला असेल तर तो खरवडून धातू उघडा करा. तिथं थोडी तांबूस झाक आली तरी चालते, तारेचा ब्रश फिरवला की झालं. तेल, ग्रीस तिथं किंवा नटाच्या आट्यांना लावू नका. गुळगुळीत झालेला नट पान्यानं हवा त्यापेक्षा जास्त आवळला जातो आणि बोल्ट ताणला जातो.

प्रायमर निवडताना आम्ही चुकलो, ते ऐका. घरात खिडक्यांच्या ग्रिलला लावलेलं रेड ऑक्साइड उरलं होतं. ते ब्रशनं लावलं, दुसऱ्या दिवशी त्यावर स्प्रेचा सिल्व्हर मारला, आणि डोळ्यांदेखत रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. ते प्रायमर तेलाचं होतं, स्प्रेमधला थिनर कडक. त्यानं खालचा थर उचलला. सगळं परत खरवडावं लागलं. म्हणून प्रायमर आणि रंग एकाच प्रकारचे, एकाच दुकानातून, विचारून घ्या, आणि आधी डब्याच्या झाकणावर दोन्ही मारून बघा. मॅगव्हीलला अॅल्युमिनियमवर धरणारा वेगळा प्रायमर मागा. साधा प्रायमर त्यावरून सोलल्यासारखा निघतो. सिल्व्हरही एक नसतो, दहा छटांचा असतो. पुठ्ठ्यावर मारून, वाळल्यावर, उन्हात नेऊन चाकाशी जुळवा.

स्प्रेचा डबा आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवायचा. चाकापासून एक वीत अंतर धरायचं. फवारा चाकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, मध्ये थांबला तर ओघळ येतो. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचं दिसत राहील असा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकाच जाड हातात झाकायला गेलात की ओघळ आलाच. प्रायमर वाळल्यावर ४०० किंवा ६०० च्या पेपरनं ओला हात फिरवून, पुसून, पूर्ण कोरडं करून मग रंग, आणि रंगावर क्लिअरचे दोन-तीन हात. काम झाल्यावर डबा उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत मारा, म्हणजे तोंड तुंबत नाही.

दिवस बघून काम करा. पावसाळ्यात दमट हवेनं रंगावर पांढुरकी झाक येते. मे महिन्याच्या दुपारी फवारा हवेतच वाळतो आणि चाक वाळूसारखं खरखरीत होतं. दिवाळी ते होळीच्या मधले दिवस, सकाळी दव सुकल्यावर, वारा पडलेला असताना, हे चांगलं. जागा उघडी हवी, पण चूल, दिवा, विडी जवळ नको. थिनर आणि स्प्रेची वाफ पेट घेते. रिकामे डबे चुलीत किंवा उकिरड्यात पेटवू नका, ते फुटतात. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि दम्याचं माणूस या कामापासून दूर राहू द्या. हार्डनर मिसळून मारायचे जे गॅरेजचे पक्के रंग असतात, ते घरी आणूच नका. त्यांच्या फवाऱ्यानं फुप्फुसांचं कायमचं नुकसान होऊ शकतं आणि आपल्याकडचे मास्क त्याला पुरत नाहीत.

आमच्या ताईंच्या मुलाची मॅगव्हील दोन रंगी होती, काळ्यावर चकाकती चांदी. त्याला डायमंड कट म्हणतात. ती चकाकी रंगाची नसते. कारखान्यात लेथवर धातू पातळ कापून वर पारदर्शक थर दिलेला असतो. त्या थराला खडा लागला की आत पाणी शिरतं आणि पांढऱ्या अळीसारख्या रेघा पसरत जातात. ती चकाकी घरी परत येत नाही. त्या पोराला आम्ही सरळ सांगितलं, एकतर सगळं चाक एकरंगी कर, नाहीतर आहे तसं ठेव. त्यानं एकरंगी केलं आणि आता म्हणतो हेच बरं दिसतं. आम्हाला काही तसं वाटत नाही, पण गाडी त्याची.

चाक परत लावताना नट आधी हातानं फिरवा, सगळे सारखे. मग पान्यानं समोरासमोरचे आवळा, ओळीनं नाही, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. गाडी खाली उतरवून मग शेवटचा जोर द्या. पान्यावर उभं राहून उड्या मारू नका. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, आणि माप दाखवणारा पाना असलेल्या दुकानात एकदा तपासून घेतलेलं चांगलं. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायचे. हे शेवटचं कुणी करत नाही, गॅरेजवाले सांगतही नाहीत. आम्ही बचतीच्या वहीसारखी गाडीची एक वही केली आहे. चाक काढलं की तारीख, मीटरवरचे किलोमीटर, कोणी आवळलं त्यांची सही, आणि खाली एक मोकळी ओळ दुसऱ्या तपासणीसाठी. ती ओळ भरल्याशिवाय गाडी घाटात जात नाही.

खर्चाचं म्हणाल तर पेपर, पट्टी, प्रायमर, रंग, क्लिअर मिळून गॅरेजनं घेतलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमी आला. पण आमचे दोन रविवार गेले आणि सुरकुत्यांमुळं एक डबा वाया गेला. आमची मजुरी धरली तर बचत फारशी नाही, हेही बैठकीत सांगितलं. काही जणींनी विचारलं, हा व्यवसाय करावा का? गटानं नाही म्हटलं. घरचा रंग कितीही चांगला झाला तरी कारखान्यात भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजलेल्या रंगाइतका कडक होत नाही, खड्यानं उडतोच, आणि दुसऱ्याच्या गाडीचे नट हा जोखमीचा मामला आहे. शेजारणीला शिकवायला आम्ही जातो, पैसे घेऊन करत नाही.

मागच्या महिन्यात फोनवर एका बहिणीनं विचारलं होतं, नेलपॉलिशनं भागतं का? बारीक टोच्याला भागतं, थोडे दिवस. नेलपॉलिश हाही एक रंगच आहे. जागा पुसून, कोरडी करून, बिनरंगाचं लावलं तर ओल आत जायची थांबते. तेवढ्यात रंगाचा बेत करा. दुसरीनं विचारलं होतं, रंगवल्यावर गाडी कधी धुवायची? हाताला रंग तासाभरात वाळलेला लागतो, पण आतून पक्का व्हायला आठवडा जातो. तोवर नुसतं पाणी सोडा, साबण नको, आणि सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली तर महिनाभर नेऊ नका. चाक लावायलाही एक रात्र मध्ये जाऊ द्या. आमच्या व्हॅनला नवं चाक गेल्या पौर्णिमेला लागलं. शंभर किलोमीटर बाजाराच्या दोन फेऱ्यांत झाले, आणि वहीतली ती ओळ काकूंनी भरली. पहिल्यांदा विचारणाऱ्या त्याच काकू. पाना कसा धरायचा ते आता त्याच नव्या बायांना दाखवतात.